सांडपाण्याचा नियम रिअ‍ॅक्टरच्या दारात लागू व्हावा

सेंद्रिय रसायने बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर नियंत्रण ठेवायचे म्हटले की बहुतेक परवाने एकाच जागेवर भिस्त ठेवतात. ती जागा म्हणजे कुंपणाबाहेर जाणारी शेवटची वाहिनी. तिथे नमुना घ्यायचा, सामू, बीओडी (पाण्यातले पदार्थ पचवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (ते रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि तरंगते घन पदार्थ मोजायचे. आकडे मर्यादेत बसले की कारखान्याने नियम पाळला असे धरायचे. साखर किंवा दुधाच्या कारखान्याला ही पद्धत बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिथल्या पाण्यात काय असते ते ठरलेले असते आणि ते जिवाणूंना पचते. रंग, कीटकनाशके, औषधांचे इंटरमीडिएट, रेझिन किंवा फ्लोरिनयुक्त रसायने बनवणाऱ्या कारखान्यात यातली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. उत्पादन दर काही आठवड्यांनी बदलते, प्रत्येक अभिक्रियेचे पाणी वेगळे असते आणि त्यातले सर्वांत घातक पाणी बहुधा आकारमानाने सर्वांत कमी असते. म्हणून अशा कारखान्यांवर मर्यादा घालण्याची पहिली जागा म्हणजे प्रत्येक प्रक्रियेतून निघणारा प्रवाह, तोही इतर पाण्यात मिसळण्याआधी. शेवटच्या वाहिनीवरचे मोजमाप पडताळणीसाठी ठेवावे. मुख्य नियम तिथे असू नये.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एका कारखान्यातून रोज १,००० घनमीटर सांडपाणी निघते. त्यातल्या ९८० घनमीटरचा सीओडी लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम आहे आणि ते सहज विघटन होणारे आहे. उरलेले २० घनमीटर मदर लिकर आहे, म्हणजे उत्पादनाचे स्फटिक गाळून घेतल्यावर मागे राहिलेला द्रव. त्याचा सीओडी २०,००० मिलिग्रॅम आणि त्यातली रसायने जिवाणूंना जवळजवळ पचत नाहीत. पहिल्या प्रवाहातून दिवसाला १,४७० किलो सीओडी येतो, दुसऱ्यातून ४०० किलो. दोन्ही, सगळे पाणी एकजीव करणाऱ्या इक्वलायझेशन टाकीत एकत्र करून जैविक प्रक्रियेला पाठवले आणि पहिल्यातला ९५ टक्के भाग संपला, तर त्याचे ७३.५ किलो उरतात. मदर लिकरचे ४०० किलो मात्र तसेच पुढे जातात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी होतो सुमारे ४७४ मिलिग्रॅम. प्रकल्पाने ७५ टक्के सीओडी काढला असे अहवालात लिहिले जाईल आणि ते खरेही असेल, पण जे काढणे गरजेचे होते ते जागचे हललेलेच नाही.

भारताच्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. आपल्या उदाहरणातला कारखाना ती ओलांडतो. आता त्याने कूलिंग टॉवरचे आणि इतर तुलनेने स्वच्छ असे १,००० घनमीटर पाणी यात मिसळले, तर आकडा २३७ वर येतो. नियम पाळला गेला, पण नदीत जाणारे ४७३.५ किलो तेवढेच राहिले. याउलट २० घनमीटर मदर लिकर वेगळे ठेवून त्यावर स्वतंत्र प्रक्रिया केली, तर उरलेले ९८० घनमीटर पाणी त्याच जैविक प्रकल्पातून ७५ मिलिग्रॅमवर बाहेर पडते. यंत्रसामग्री, गाळ आणि हवा पुरवण्याचा खर्च, सगळे तेच. फरक पडला तो एका वेगळ्या पाइपने.

पाणी मिसळून मर्यादा गाठण्यास कायद्याने बंदी आहे, मग हा मुद्दा कशासाठी, असे कोणी विचारेल. बंदी आहेच. अमेरिकेच्या पूर्वप्रक्रिया नियमांत ती स्पष्ट आहे आणि जर्मनीच्या सांडपाणी अध्यादेशातही आहे. पण मोजणी शेवटच्या वाहिनीवरच होत असेल तर ही बंदी मोडली हे सिद्ध करायचे कसे? कूलिंग टॉवरचे पाणी, बॉयलरमधून काढून टाकलेले पाणी (ब्लोडाऊन), उपाहारगृहाचे पाणी आणि मदर लिकर एका चेंबरमध्ये आल्यावर कोणतीही प्रयोगशाळा ते पुन्हा वेगळे करून दाखवू शकत नाही. म्हणून अमेरिकेच्या नियमांत मिश्र प्रवाहांसाठी एक सूत्र आहे. प्रक्रियेचे पाणी किती आणि निव्वळ पातळ करणारे पाणी किती हे ठरवून त्या प्रमाणात मर्यादा कडक केली जाते. हे सूत्र वापरायचे तर आधी प्रत्येक प्रवाहाचे मीटर हवे.

सेंद्रिय रसायने, प्लास्टिक आणि कृत्रिम तंतू या उद्योगांसाठी अमेरिकेने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाहीर केलेले निकष या बाबतीत आजही अभ्यासण्यासारखे आहेत. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर विषारी पदार्थांवरची नियमावली रखडली, पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या आणि १९७६ च्या तडजोडीतून विषारी पदार्थांची यादी पक्की झाली. पुढे तिच्यात १२६ पदार्थ राहिले. १९८७ च्या निकषांत बेंझिनची मर्यादा, शेवटी जैविक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांसाठी, एका दिवसाला लिटरमागे जास्तीत जास्त १३६ मायक्रोग्रॅम आणि महिन्याची सरासरी ३७ मायक्रोग्रॅम अशी आहे. टोल्युइनला ८० आणि २६, फिनॉलला २६ आणि १५. म्हणजे 'एकूण सेंद्रिय भार' या मोघम आकड्याच्या पुढे जाऊन एकेका रसायनाचे नाव घेतले गेले. दुसरी चांगली गोष्ट अशी की या आकड्यांना फक्त प्रक्रियेतल्या सांडपाण्याच्या प्रवाहाने गुणून वजनाची मर्यादा काढली जाते, त्यामुळे कूलिंगचे पाणी हिशेबात घुसवता येत नाही. जड धातूंच्या बाबतीत तर कोणत्या उत्पादनाच्या कोणत्या प्रक्रियेत धातूयुक्त प्रवाह निघतो याची यादीच परिशिष्टात दिली आहे आणि मर्यादा त्या प्रवाहांच्याच आकारमानावर ठरते. नियम प्रवाहापर्यंत नेता येतो, याचा हा जवळपास चार दशकांचा पुरावा आहे.

पण याच निकषांत दोन उणिवा आहेत. एक म्हणजे प्रवाह गुणिले सांद्रता या सूत्रात पाणी वाचवणाऱ्याचे नुकसान होते. कारखान्याने धुण्याची पद्धत सुधारून प्रक्रियेचे पाणी निम्म्यावर आणले, तर पुढच्या परवान्यात त्याची वजनाची मर्यादाही निम्मी होऊ शकते. नुसती सांद्रतेची मर्यादा असलेल्या देशांत तर स्थिती आणखी वाईट आहे, कारण पाणी वाचवल्याबरोबर मिलिग्रॅमचा आकडा चढतो आणि काटकसर करणाराच दोषी ठरतो. यावर उपाय म्हणजे मर्यादा उत्पादनाशी जोडणे, म्हणजे एक टन उत्पादनामागे किती ग्रॅम विसर्ग चालेल हे ठरवणे. मग पाणी कितीही वापरा, परवानगीचे वजन बदलत नाही आणि तेवढ्याच कच्च्या मालातून जास्त उत्पादन काढणारा, सॉल्व्हंट (द्रावक) परत मिळवणारा कारखाना आपोआप फायद्यात राहतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर. यादी त्या काळात गोठली. २०१७ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात पिण्याच्या पाण्यात 'जेनएक्स' नावाचे फ्लोरिनयुक्त रसायन असल्याचे नागरिकांना कळले. केप फिअर नदीच्या वरच्या अंगाला फेएटव्हिलजवळच्या रासायनिक कारखान्यातून ते येत होते. शहराच्या नेहमीच्या जलशुद्धीकरणात ते अडत नव्हते आणि १९८७ च्या यादीत अशा रसायनांचा उल्लेखच नव्हता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२१ मध्ये या उद्योगासाठी पीफास या, जेनएक्स ज्यात मोडते त्या, गटातल्या रसायनांवर नियम करण्याच्या दिशेने पूर्वसूचना काढली. नावांची यादी हवीच, पण यादीत नाही ते सोडायला मोकळीक, असा तिचा अर्थ लागता कामा नये. परवान्यात उघड न केलेले रसायन सोडणे हाच भंग मानला पाहिजे.

शेवटच्या वाहिनीवर विसंबण्याची किंमत जपानमधल्या मिनामाता शहराने सर्वांत आधी आणि सर्वांत क्रूरपणे दाखवली. तिथल्या कारखान्यात १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याच्या उत्प्रेरकाने अ‍ॅसिटाल्डिहाइड बनत होते आणि अभिक्रियेतच थोडे मिथाइलमर्क्युरी तयार होत होते. रोगाची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. १९५८ मध्ये वाहिनीचे तोंड खाडीकडून नदीच्या मुखाकडे वळवले गेले आणि रोग नव्या किनाऱ्यांवर पसरला. डिसेंबर १९५९ मध्ये 'सायक्लेटर' नावाचे शुद्धीकरण यंत्र बसले. आता पाणी स्वच्छ होईल असे लोकांना सांगण्यात आले, पण विरघळलेले मिथाइलमर्क्युरी काढणे हे त्या यंत्राचे कामच नव्हते. अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या अभिक्रियापात्रातून निघणारा तो एक प्रवाह वेगळा तपासला असता तर इतकी वर्षे गेली नसती. जपान सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये.

आता मोजमापाकडे वळू, कारण शेवटच्या वाहिनीवरचा सीओडीचा आकडा वाटतो तितका भरवशाचा नाही. सीओडी म्हणजे उकळत्या आम्लात डायक्रोमेटने किती पदार्थ जळतो ते. पायरिडिनसारखी नत्रयुक्त वलये त्यात नीट जळत नाहीत, त्यामुळे त्यांचा भार आकड्यात दिसतच नाही. बाष्पशील सॉल्व्हंट काही अंशी वाफेत निघून जातात. उलट क्लोराइड जळते आणि आकडा खोटा फुगवते. ते दाबण्यासाठी पाऱ्याचे क्षार घालतात, पण लिटरमागे २,००० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड गेले की नेहमीच्या पद्धतीत तेही पुरे पडत नाही, आणि रंगांच्या मदर लिकरमध्ये क्लोराइड याच्या कितीतरी पट असते. फेंटन प्रक्रियेनंतर, म्हणजे लोहाच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर, पाण्यात उरलेले पेरॉक्साइडसुद्धा सीओडी वाढवून दाखवते. बीओडीची गोष्ट याहून नाजूक. पाणी जिवाणूंना विषारी असेल तर ते ऑक्सिजन कमी वापरतात आणि बीओडी कमी दिसतो, म्हणजे पाणी जितके घातक तितका आकडा चांगला. अनुभवी रसायनज्ञ हे ओळखतो. नमुना जास्त पातळ करून चाचणी केल्यावर हिशेबाचा बीओडी वाढत गेला, तर विषारीपणा आहे हे नक्की. अहवालात मात्र एकच आकडा जातो.

ऑनलाइन मीटर लावले की प्रश्न सुटला असेही नाही. अनेक मीटर २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजतात आणि त्यावरून सीओडीचा अंदाज देतात. वलययुक्त रसायने हा प्रकाश शोषतात. मिथेनॉल, आयसोप्रोपॅनॉल, असेटेट यांचे शोषण तिथे जवळपास शून्य. उत्पादन बदलले की शोषण आणि सीओडी यांचे नाते बदलते आणि जुने कॅलिब्रेशन निरुपयोगी होते. अशा कारखान्यांना एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी मोजणारे विश्लेषक सक्तीचे करावेत. रासायनिक उद्योगाच्या सांडपाण्यासाठी सर्वोत्तम तंत्रे ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या २०१६ च्या निष्कर्षांतही सीओडीऐवजी टीओसीला पसंती दिली आहे, कारण त्या चाचणीला अतिविषारी अभिकर्मके लागत नाहीत.

नमुना घेण्याच्या पद्धतीतही गफलत होते. चोवीस तासांचा मिश्र नमुना एकूण भारासाठी योग्य, पण बेंझिन किंवा डायक्लोरोमिथेनसाठी तो निरर्थक असतो, कारण बाटली भरेपर्यंत ते उडून जाते. त्यांच्यासाठी ४० मिलिलिटरच्या बाटलीत, वर हवेचा बुडबुडाही न ठेवता, तत्काळ नमुना घ्यावा आणि तो थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावा. यातून आणखी एक फसगत लक्षात येते. इक्वलायझेशन टाकीत खालून हवा सोडली की बाष्पशील सॉल्व्हंट हवेत जातात, पाण्याचा आकडा सुधारतो आणि प्रकल्पाच्या खात्यावर 'काढले' अशी नोंद होते. ते रसायन शेजारच्या वस्तीच्या श्वासात गेले. म्हणून अशा प्रवाहांसाठी टाकीपूर्वी स्टीम स्ट्रिपर (वाफेने सॉल्व्हंट पाण्यातून काढणारे यंत्र) आणि टाकीला झाकण, ही अट पाण्याच्याच परवान्यात असावी.

प्रवाह वेगळा ठेवण्याचा आर्थिक फायदा बहुतेक चर्चांत दुर्लक्षित राहतो. एक किलो सीओडी पूर्ण जाळायला सैद्धांतिक हिशेबाने २.१२५ किलो हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. वरच्या उदाहरणातल्या मदर लिकरचे ४०० किलो जाळायला ८५० किलो. तेच सगळे पाणी एकत्र केल्यावर फेंटन करायला गेलात तर अभिकर्मक १,८७० किलोंवर खर्च होते, म्हणजे जवळपास ४,००० किलो, आणि त्यातले बहुतांश जिवाणूंनी फुकट खाल्ले असते त्या पदार्थांवर वाया जाते. शिवाय सामू ३ च्या आसपास आणायला २० घनमीटरऐवजी १,००० घनमीटर पाण्यात आम्ल ओतायचे, मग चुन्याने ते परत चढवायचे आणि लोहाचा गाळ त्या प्रमाणात उचलायचा. ओल्या ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे दाबाखाली २०० ते ३०० अंशांना हवेने जाळताना, प्रवाह पुरेसा तीव्र असेल तर जळण्याची उष्णताच अभिक्रिया चालू ठेवते. पातळ केलेल्या पाण्याला ती सगळी उष्णता बाहेरून द्यावी लागते. पातळ करणे म्हणजे उपचाराचे दरवाजे एकेक करून बंद करणे.

कोणता प्रवाह वेगळा करायचा हे ठरवायला चाचण्या तयार आहेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०२ बी, म्हणजे झाह्न-वेलेन्स चाचणी, २८ दिवसांत सक्रिय गाळ त्या पाण्यातला किती भाग काढू शकतो ते सांगते. २०९ क्रमांकाची चाचणी गाळाचा श्वास किती मंदावतो ते काही तासांत दाखवते. सूक्ष्म सेंद्रिय रसायनांसाठीच्या युरोपीय संदर्भ दस्तऐवजात २००६ पासून ढोबळ उंबरठा दिलेला आहे. जैविक निर्मूलन ८० ते ९० टक्क्यांहून कमी असेल आणि उरणारा न पचणारा भार दिवसाला किंवा बॅचमागे ७.५ ते ४० किलो टीओसीच्या वर जात असेल, तर त्या प्रवाहावर स्वतंत्र उपचाराचा विचार करायचा. शेवटच्या वाहिनीवर काय मोजावे याचे उत्तम उदाहरण जर्मनीच्या रासायनिक उद्योगासाठीच्या परिशिष्ट २२ मध्ये आहे. पाणी किती पट पातळ केल्यावर सजीवांवर परिणाम दिसेनासा होतो, ही तिथली मर्यादा. माशांच्या अंड्यांसाठी २ पट, डॅफ्नियासाठी (पाण्यातला सूक्ष्म कवचधारी प्राणी) ८, शैवालासाठी १६, प्रकाशमान जिवाणूंसाठी ३२. भारताच्या मानकांतही सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत अशी चाचणी आहे. ती नियमितपणे, अचानक आणि निकाल प्रसिद्ध करून घेतली गेली पाहिजे, कारण यादीत नसलेले रसायनही ती पकडू शकते.

उद्योगाकडून तीन हरकती येतात. प्रक्रिया गोपनीय असते, ही पहिली. नियंत्रकाला अभिक्रियेची कृती नको आहे. प्रवाहात काय आणि किती आहे, एवढेच हवे. सार्वजनिक जलस्रोतात जे सोडायचे ते गुपित ठेवण्याचा हक्क कोणालाही देता येणार नाही. दुसरी हरकत, बॅचपद्धतीच्या कारखान्यात शेकडो उत्पादने असतात आणि २८ दिवसांची चाचणी होईपर्यंत माल बनून जातो. यात तथ्य आहे. पण कोणतेही नवे उत्पादन प्रयोगशाळेत आणि पायलट प्लांटवर महिनोन्महिने असते, त्याच वेळी मदर लिकरचे काही लिटर चाचणीला देता येतात. ज्याचा निकाल नाही ते पाणी वेगळ्या टाकीत थांबावे, हा नियम पुरेसा आहे. तिसरी हरकत लहान कारखान्यांच्या खर्चाची, आणि ती खरी आहे. त्यांना स्वतःचे ओले ऑक्सिडेशन परवडणार नाही. म्हणून सामूहिक प्रकल्पात तीव्र प्रवाहांसाठी टँकरने येणारी वेगळी सोय हवी आणि तिचा दर घनमीटरवर न लावता त्यातल्या टीओसीच्या किलोंवर लावावा. नाहीतर सगळे सदस्य आपापले मदर लिकर सामायिक वाहिनीत सोडतात, एरेशन टाकीतले जिवाणू एका रात्रीत मरतात आणि भार कोणाचा होता हे कधीच ठरत नाही.

शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची, सरसकट सक्ती मला या प्रश्नाचे उत्तर वाटत नाही. बहुटप्पी बाष्पीभवन यंत्रात मिश्र सांडपाणी घातले की बाष्पशील रसायने वाफेबरोबर कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन जमलेल्या पाण्यात, येतात आणि तळाशी सेंद्रिय पदार्थांनी माखलेले मीठ उरते. ते मीठ विकता येत नाही, जाळता येत नाही, आणि उघड्यावर पडले तर पहिल्या पावसात नाल्यात जाते. आधी स्ट्रिपर, मग सेंद्रिय भाग काढणे आणि शेवटी मीठ, असा क्रम प्रवाहाप्रमाणे लावला तरच हे यंत्र उपयोगी पडते.

परवान्यात मग काय असावे? प्रत्येक उत्पादनाच्या प्रत्येक जलीय प्रवाहाची नोंद, रोजचे आकारमान, मुख्य रसायने, चाचण्यांचे निकाल आणि तो कुठे जातो ते. सॉल्व्हंटचा वार्षिक ताळेबंद. १०० टन टोल्युइन विकत आणले, ६० टन गाळाबरोबर जाळायला गेले, १५ टन कार्बनवर पकडले, ५ टन पाण्यात मोजले, तर उरलेल्या २० टनांचा खुलासा कारखान्याने द्यायचा. तीव्र प्रवाहांच्या पाइपलाइन जमिनीखाली न घालता डोक्यावरून, मीटरसह आणि आडजोडीच्या व्हॉल्व्हशिवाय न्यायच्या, म्हणजे गळती आणि चोरवाट दोन्ही डोळ्यांना दिसतात. रिअ‍ॅक्टर विभागाच्या फरशीवरचे नाले पावसाच्या गटाराला जोडलेले नसावेत. आग विझवताना वापरलेल्या पाण्यासाठी रिकामी टाकी राखून ठेवलेली असावी. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथल्या रासायनिक गोदामाला आग लागली, तेव्हा अशी टाकी नव्हती. बंबांचे पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाईन नदीत गेले आणि शेकडो किलोमीटरपर्यंतचे जलजीवन उद्ध्वस्त झाले.

हे एका दिवसात होणार नाही. पहिल्या वर्षी प्रवाहांची नोंद आणि मीटर, दुसऱ्या वर्षी चाचण्या आणि सर्वांत तीव्र प्रवाहांचे विलगीकरण, तिसऱ्या वर्षापासून टनामागे ग्रॅमची बंधनकारक मर्यादा, असा क्रम लावता येईल. पहिल्या वर्षाच्या कामाला नवे तंत्रज्ञान लागत नाही. प्लांटच्या पाइपिंगचे नकाशे, वाहत्या पाण्याचे मीटर आणि कारखान्याच्या आत, रिअ‍ॅक्टरपर्यंत जाऊन नमुना घेण्याचा निरीक्षकाचा निर्विवाद अधिकार, एवढे हाती असले की सुरुवात होते. यातला अधिकार सर्वांत आधी द्यावा, कारण प्रवाहांच्या नोंदी खऱ्या आहेत का हे त्याशिवाय तपासता येणार नाही.